लोळणे : दुपारी दोन ते तीन

माझ्या सासऱ्यांना लोळताना कुणी कधी पाहिलं नाही. लोळायला लावताना मात्र आख्ख्या बिल्डिंगनं पाहिलं. मे महिन्यात दुपारी बरोबर दोन वाजता ते बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरायचे, दहा-अकरा पोरं ओळीनं आडवी करायचे आणि स्वतः लाकडी खुर्चीत ताठ बसून पहारा द्यायचे. एखादं पोर उठून बसलं की आवाज यायचा, "ए, बसलास काय? लोळ! तक्त्यात काय लिहिलंय?"

तक्त्यात खरोखरच तसं लिहिलेलं होतं. 'लोळणे : दुपारी दोन ते तीन.' झोपणे नव्हे, वाचणे नव्हे, लोळणे. झोप लागली तर हरकत नव्हती, पण झोपेसाठी मुद्दाम प्रयत्न करायचा नाही असा नियम होता. एकदा माझ्या मुलीनं, मिनूनं, लोळता लोळता गोष्टीचं पुस्तक उघडलं तर त्यांनी ते काढून घेतलं.

"वाचन साडेतीनला आहे. आत्ता काही करायचं नाही म्हणजे नाही."

"आजोबा, मला काही न करणं जमत नाही."

"मग शीक. सुट्टी कशासाठी असते?"

त्यांना घरात आणि बिल्डिंगमध्ये सगळे अण्णाच म्हणत. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कामगार आत येताना कार्ड पंच करायचे आणि अण्णा ती कार्डं तपासून उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल पेन्सिलीनं खूण करायचे. कारखान्याचा भोंगा आमच्या मुलुंड पूर्वेच्या घरापर्यंत ऐकू येत नसे, पण अण्णांच्या अंगात तो भिनलेला होता. चहा सहा दहाला. आंघोळ सहा पंचविसाला. दाढी करताना कुणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत, कारण दाढीच्या आठ मिनिटांत बोलणं धरलेलं नसायचं. "पाच मिनिटांत येते" असं कुणी म्हटलं की ते हटकून विचारायचे, "पाच म्हणजे किती?"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुला आंघोळीला किती वेळ लागतो?" नव्या सुनेला विचारायचा हा प्रश्न आहे का? मी मान खाली घालून म्हटलं, "दहा मिनिटं." त्यांनी मोरीच्या दारामागे लावलेल्या कागदावर माझ्या नावापुढे बारा मिनिटं लिहिली. वरची दोन मिनिटं माहेरच्या सवयीची, म्हणाले. दोन महिन्यांनी ती काढूनही घेतली.

मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं. पण एक सांगते, घड्याळाच्या बाबतीत ते कुणाशी दुजाभाव करत नसत. स्वतःला एक मिनिट उशीर झाला तर जेवताना सांगायचे, "आज माझं चुकलं." बाकी कुठल्याच बाबतीत त्यांचं चुकल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला ते रिटायर झाले आणि पहिल्यांदाच मे महिन्यात दिवसभर घरी राहिले. तोपर्यंत मुलांची सुट्टी ही काय चीज असते ते त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी ते कामावर जायचे तेव्हा पोरं झोपलेली असायची आणि संध्याकाळी यायचे तेव्हा हातपाय धुऊन शुभंकरोतीला बसलेली असायची. मधल्या वेळात काय होतं ते त्या वर्षी त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. दहाला उठणं, अकराला दूध, बाराला जिन्यात धिंगाणा, दोनला जेवण, त्यात कुणाचं तरी रडणं, आणि दिवसभर 'आजोबा, आम्ही काय करू?' चार दिवस ते गप्प बसले. पाचव्या दिवशी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं रेघा मारून त्यांनी सुट्टीचा तक्ता केला आणि कणकेच्या खळीनं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.

त्या वेळी घरात पोरं तीन. आमची मिनू, आणि सांगलीहून सुट्टीला आलेली माझ्या नणंदेची दोन : संजू आणि पिंकी. नणंद माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. सांगलीला तिचं खटल्याचं घर, रोजचं वीस माणसांचं जेवण. वर्षातून एकदा, मे महिन्यात पंधरा दिवस, तिला माहेरी पाठवायचे. त्यापुढे एक दिवसही नाही.

तक्ता लागला आणि आठवड्यात शेजारची पोरं येऊ लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच बायका नोकरीवाल्या, गावाला जायला सगळ्यांनाच रजा कुठून मिळणार? दिवसभर पोरांना कुणाच्या जिवावर सोडायचं हा प्रत्येकीच्या डोक्याला घोर. खालच्या मजल्यावर मालवणकडच्या एक बाई राहायच्या. त्या पहिल्याच सोमवारी मुलाला हाताला धरून वर आल्या. "अण्णानू, आमच्या झिलाक पण घेवा हां! दिवसभर नुसतो उंडारता." अण्णांनी झिलाला नखं दाखवायला सांगितलं, नखं कापायला खाली पाठवलं आणि मग घेतलं. असं करत करत संख्या अकरावर गेली.

तक्त्यातली कलमं मला अजून पाठ आहेत. साडेसहाला गच्चीवर कवायत. आठला न्याहारी. नऊला शुद्धलेखन एक पान, एकच; दुसरं कुणी लिहिलं तर ते फाडायचे, 'सुट्टी आहे' म्हणून. मग कॅरम आणि पत्ते. अकराला पन्हं. मग गच्चीवर वाळवणाशी बसून कावळे हाकणे, आळीपाळीनं. एकला जेवण, दोनला लोळणे, साडेतीनला वाचन, चारला खाऊ. आणि पाच ते सव्वापाच : भांडण.

हो, भांडण. अण्णांचं म्हणणं, भांडण बंद करता येत नाही, पण त्याची वेळ ठरवता येते. सकाळी कॅरमवर संजू आणि खालचा झील एकमेकांच्या उरावर बसले की अण्णा दोघांच्या मध्ये हात घालून म्हणायचे, "पाच वाजता." डायरीत दोघांची नावं लिहून घ्यायचे. पाच वाजता दोघांना समोर उभं करायचे. "हां. सुरू करा. कशावरून होतं?"

पोरं एकमेकांकडे बघायची.

"अरे यार, कशावरून रे?"

"मला काय माहीत? तूच चिडलेलास ना!"

"मग उगाच वेळ कशाला अडवलात?" अण्णा चिडायचे. त्यांना खरंच वाईट वाटायचं, राखून ठेवलेला वेळ वाया गेला म्हणून.

एकदाच पंचाईत झाली. मिनूच्या मनात सकाळचं भांडण पाच वाजेपर्यंत तस्संच राहिलं. पिंकीनं तिच्या बाहुलीचे केस कापले होते. ती चौदा मिनिटं भांडली. अण्णा म्हणाले, "एक मिनिट उरलंय. आणखी काही राहिलंय का?" तशी मिनू भोकाड पसरून रडायला लागली. रडण्यासाठी तक्त्यात जागा नव्हती. अण्णा घड्याळाकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "साडेपाचपर्यंत सवलत." आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसले. मी ऑफिसातून आल्यावर हे सगळं मिनूनंच मला सांगितलं. "आजोबा सारखे माझं डोकं थोपटत होते गं," म्हणाली, "पण घड्याळ बांधलेला हात त्यांनी वापरलाच नाही."

मला तक्ता आवडायचा, हे मी आधीच कबूल करते. मी सकाळी साडेआठला डबा घेऊन बाहेर पडायची आणि सातला परत यायची. इतकी वर्षं मे महिन्यात ऑफिसात बसून माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पोर जेवलं असेल का, गच्चीच्या कठड्यावर चढलं असेल का. तक्त्यामुळे अकरा वाजले की मी टेबलाशी बसल्या बसल्या मनात म्हणायची, आता पन्हं. आमच्या सेक्शनमधल्या बायकांना मी त्या तक्त्याची नक्कल करून दिली होती. एकीनं तर घाटकोपरला आपल्या सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं करणार कोण?" आम्ही सगळ्या त्यांच्या आळशीपणाला हसलो.

ताईबद्दल सांगायचं तर ती बोलणारी नव्हती. हसतमुख, गोल चेहरा, पदर कायम खोचलेला. माहेरी आली त्या दिवशी बॅग ठेवायची आणि पदर खोचायची, तो पंधरा दिवसांनी एसटीत बसताना सोडायची. मला वाटायचं ही तिची सवयच आहे.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी तक्त्यात सहल घातली. रविवारी जुहूला. समुद्र चाळीस मिनिटं, वाळू पंचवीस, भेळ वीस, घोडागाडी एक फेरी. बस कुठे बदलायची ते लिहिलेला कागद प्रत्येक पोराच्या खिशात. अकरा पोरं, अण्णा, ताई आणि मी. संजूचा वाळूचा किल्ला अर्धा झाला आणि अण्णांनी पुकारा केला, "वाळू संपली!"

"आजोबा, पाच मिनिटं ना, प्लीज!"

"पाच म्हणजे किती? अर्धा झाला ना? उरलेला पुढच्या वर्षी."

झकास झाली सहल. मी मिनूचा हात धरून गुडघाभर पाण्यात गेले, साडी भिजली, कितीतरी वर्षांनी एवढी हसले. किनाऱ्यावर ताई अकरा पोरांच्या चपलांशी बसली होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दोन बरण्या पन्हं तिनं आणि सासूबाईंनी पहाटे चारला उठून केलं होतं. मी पाण्यातून तिला हात केला, तिनंही केला. "ताई, तुम्ही जा ना आता, मी बसते चपलांशी" हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते मला सुचलंच नाही. इतक्या वर्षांनी लिहितानाही याची लाज वाटते.

त्या वर्षी ताईला एसटीत बसवायला सासूबाई गेल्या होत्या. परत आल्या त्या गप्पच होत्या. मी विचारलं, "काय हो आई, बरं नाही का?" तर म्हणाल्या, "ऊन लागलं." वर्षभर त्यांनी ते ऊन पोटात ठेवलं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी सांगलीहून अंतर्देशीय आलं. अण्णांनी जेवताना मोठ्यानं वाचलं. यंदा पापड-कुरडयांचं काम मोठं आहे, जाऊबाईंच्या भावाचं लग्न आहे, त्यामुळे येणं जमेलसं दिसत नाही, काळजी करू नये. खाली पिंकीनं वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'आजोबा, इकडे भांडण कधीपण करतात.'

अण्णांनी चष्मा काढला. "हरकत नाही. मग पोरांच्या न्याहारीला दोन ताटं कमी धरायची," म्हणाले आणि पेन्सिल शोधू लागले.

सासूबाई आमटी वाढत होत्या. त्यांनी डाव पातेल्यात ठेवला. "लग्नबिग्न काही नाही. ती यायची नाही."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी एसटीत बसताना मला म्हणाली, आई, पुढच्या वर्षी नाही आले तर तुला वाईट वाटेल का गं? तिकडे निदान दुपारची जाऊबाईंची पाळी असते, तासभर पाठ टेकता येते. इथे पाळीच नाही."

मिनूनं घास हातातच धरला होता.

"पण मी तिला तक्त्यात काहीच काम दिलं नव्हतं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. "बघ ना तू. एकाही कलमापुढे तिचं नाव नाही."

"नाहीच आहे नाव. आठला न्याहारी लिहिलंत, ती काय दारावरून उतरून ताटात येते? अकराला पन्हं. चारला खाऊ. अकरा पोरांचा. आणि वर माझ्या कुरडया. पोरीला बापाच्या घरी झोप मिळेना म्हणून ती सासरी राहिली. मी जाऊन कुणाला सांगू हे?" एवढं बोलून सासूबाई रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या नवऱ्यानं नेहमीप्रमाणे "जाऊ दे ना आई" म्हटलं. मी त्याला गप्प बसवलं. कारण मलाही बोलायचं होतं आणि बोलायला तोंड नव्हतं. मीही साडेआठला डबा उचलून जायची. तो डबा कोण भरत होतं?

दुसरा कुणी बाप असता तर रागावला असता, नाहीतर पत्र लिहून मोकळा झाला असता. अण्णांनी त्यांना येत होतं तेच केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. हातात घड्याळ, मांडीवर डायरी.

"हे काय आरंभलंत?" सासूबाई म्हणाल्या.

"तू तुझं कर. मी नसल्यासारखं समज."

"नसलात तर बरं होईल. वाटेत बसलायत!"

तीन दिवस ते तिथे बसले. जेवायला तेवढे उठायचे. सासूबाईंना आधी संताप आला, मग हसू आलं, तिसऱ्या दिवशी त्या त्यांना लसूण सोलायला द्यायला लागल्या. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी डायरी उघडली आणि आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली. पोरं अजून जमायला लागली नव्हती, ताई आलेली नव्हती, नुसता आमच्या पाच माणसांचा हा हिशेब होता. पाणी भरणं, दूध, चहा, डबे, माझा डबा वेगळा लिहिलेला. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "पहाटे सव्वापाच ते रात्री पावणेअकरा. बसणं दोनदा. दोन्ही वेळा भाजी निवडायला." मग डायरी मिटली. "कारखान्यात अशी ड्यूटी कुणी लावली असती तर मी स्वतः युनियनला कळवलं असतं."

सासूबाई म्हणाल्या, "मग कळवा आता." आणि ओटा पुसायला गेल्या. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. उशिरा का होईना, घेतलं.

दोन दिवसांनी अण्णा एसटीनं सांगलीला गेले. एकटे, पत्र न पाठवता. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात; बहुधा भाऊ जातो, बाप जात नाही. तिथे काय घडलं ते मला ताईनं नंतर सांगितलं. तिच्या सासूबाईंनी पाणी-गूळ दिला, चौकशी केली, आणि म्हणाल्या, "उन्हाळी कामं आटोपली की पाठवू की तिला. आठ-दहा दिवसांनी." अण्णा म्हणाले, "विहीणबाई, मी मुराळी म्हणून आलोय. मुराळ्याला रिकामं पाठवत नाहीत. मी बसतो." आणि ओसरीवर बसले. संध्याकाळ झाली तरी बसलेच होते. हा माणूस बसायला लागला की कसा बसतो ते मी पाहिलेलं आहे. सांगलीकरांना त्याची कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला तिची आणि पोरांची बॅग भरायला सांगितलं.

वाटेत गाडी एका स्टँडवर थांबली. अण्णा खाली उतरले, ताईसाठी चहा घेऊन खिडकीशी आले आणि पेला तिच्या हातात देत म्हणाले, "माझं चुकलं." ताई घाबरलीच. उशीर झाला तरच वडील असं म्हणत, आणि उशीर तर कुठेच झालेला नव्हता. "काय चुकलं अण्णा?" तर म्हणाले, "आधी चहा पी. गाडी दहाच मिनिटं थांबते."

घरी नवा तक्ता लागलेला होता. पोरांची कलमं फारशी बदलली नव्हती. कवायत, लोळणे, भांडण, सगळं होतं. फक्त खाऊ आता प्रत्येकानं आपापल्या घरून डब्यात आणायचा होता आणि डबा आपला आपण घासायचा होता. पण कागदाला शेजारी दुसरा कागद जोडला होता, स्वयंपाकघराचा. पाणी भरणं : अण्णा. न्याहारी : अण्णा आणि सूनबाई. भांडी लावणं : माझा नवरा. कुरडया : यंदा विकत. सासूबाईंच्या नावापुढे 'दुपारचं जेवण' आणि कंसात 'बसून सूचना'. अगदी तळाला ताईचं नाव लिहून त्याखाली निळी रेघ मारली होती : 'हिला कुणी, कशासाठीही, हाक मारू नये.'

मी ऑफिसातून आठ दिवसांची रजा काढली. साहेबांनी विचारलं, "गावाला?" मी म्हटलं, "नाही, नणंद माहेरी येतेय." त्यांना त्यात रजेसारखं काय ते कळलं नाही.

ताई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी स्वयंपाकघरात गेले तर अण्णा बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून पोहे धूत होते. इतके धुतले की त्यांचा लगदा झाला. सासूबाई स्टुलावर बसून तोंडावर पदर धरून हसत होत्या. उठायची त्यांना परवानगी नव्हती. तेवढ्यात ताई दारात आली. केस बांधलेले, पदर खोचलेला.

"तू कशाला उठलीस?" अण्णा दबक्या आवाजात ओरडले.

"अहो अण्णा, डोळाच उघडतो. पडून राहिलं की कसंतरीच होतं. द्या इकडे ते पोहे."

"हात लावायचा नाही."

"मग मी काय करू?" तिनं हे खरंच विचारलं. दोन्ही हात पुढे करून उभी होती बिचारी.

अण्णांनी मिनूला सांगितलं होतं तसं 'मग शीक' तिला सांगितलं नाही. टॉवेलला हात पुसले, तिला आतल्या खोलीत घेऊन गेले, तिच्या हातानं नाही तर स्वतःच्या हातानं चादर झटकली. "झोपू नकोस हवं तर. नुसती पड. पंखा लावतो." दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "कुकर लावायचा नाही आज. शिट्टी होते. भात पातेल्यात करा."

साडेसहाला पोरं आली, त्यांना जिन्यातच अडवून बोटांवर चालत गच्चीवर नेलं. दूधवाल्याला कडी वाजवू दिली नाही. आठ वाजले, नऊ वाजले. सासूबाईंनी एकदा दार किलकिलं करून पाहिलं आणि परत येऊन स्टुलावर बसल्या. "लागली," एवढंच म्हणाल्या. अकरा वाजले. पन्हं सूनबाईंनी केलं, म्हणजे मी, आणि ते आंबट झालं.

बारा वाजायला आले तेव्हा पिंकी गच्चीवरून खाली आली. तिला आई हवी होती. आम्ही थांबवायच्या आत ती खोलीत गेली, आणि तशीच, पावलांचा आवाज न करता, बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. सरळ अण्णांपाशी गेली आणि त्यांच्या बनियनला धरून कुजबुजली, "आजोबा, आईला बरं नाहीये का?"

"का गं? काय झालं?"

"ती झोपलीय. दिवसा."

सहा वर्षांची पोर होती ती. अण्णांनी तिला उचलून कडेवर घेतलं.

"बरी आहे हो तुझी आई. माहेरी आलीय ती."

पिंकीनं यावर विचार केला. मग आमच्या घरात प्रत्येक पोरानं शिकलेला प्रश्न तिनं विचारला, "मग किती वाजता उठणार?"

अण्णांनी बंद दाराकडे पाहिलं. "ते मला ठाऊक नाही, बाळा," म्हणाले, आणि पिंकीला तशीच कडेवर घेऊन ताईच्या वाटचे पोहे झाकून ठेवायला आत गेले.